चालवणाऱ्याचे नाव

मोतीरामचा उजवा पाय पुन्हा एकदा समोरच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. ब्रेक चंदूच्या पायाखाली होता, आणि चंदूला त्याची फारशी आठवण होत नव्हती.

"काका, पत्रा फोडता का आता?" चंदू हसला.

"समोर बंड्या हायेत ना बापा."

"दिसून राहिल्या मले. चष्मा तुमाले लागला, मले नाई."

कापसाच्या बंड्यांची रांग मूर्तिजापूरच्या जिनिंग कारखान्यांकडे निघाली होती. प्रत्येक बंडीवर दोन पुरुष उंच कापूस, आणि त्यावर कोणीतरी पालथे झोपलेले. चंदूने हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही. शेवटच्या बंडीचे बैल बुजून उजवीकडे सरले, आणि त्यांच्या शिंगांना जवळजवळ घासून लँडमास्टर पुढे निघून गेली.

"अबे, सडक तुया बापाची हाये का?" बंडीवाला ओरडला.

"सडक नाई, मोटार हाये!" चंदूने खिडकीतून डोके काढून उत्तर दिले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन काकाकडे पाहिले.

मोतीराम हसला नाही. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत विम्याचा अर्ज. तो जागेवर आहे की नाही हे त्याने बडनेऱ्यापासून तिसऱ्यांदा चाचपून पाहिले. मोटारीचा जुना विमा आज, शनिवारी, रात्री बाराला संपत होता. त्या विम्यात चालवणारा म्हणून एकट्या मोतीरामचे नाव होते. अमरावतीहून निघताना त्यामुळे तोच चाकावर बसला होता. पण बडनेरा मागे पडताच चंदू म्हणाला, "सरका आता, गाडीच्या जागी तुमी बैलाची दमनी चालवून राहिले." आणि मोतीराम सरकला. सरकणे त्याला चांगले जमत असे.

तो अमरावतीच्या कोर्टात नक्कलनवीस होता. सत्तावीस वर्षे. निकालपत्रे, जबान्या, खरेदीखते यांच्या नकला करायच्या आणि खाली लिहायचे, अस्सलबरहुकूम. अस्सलात चूक असली तर चूकसुद्धा तशीच उतरवायची, हा नियम. एकदा एका दाव्यात वादीचे वडील मुलापेक्षा लहान लिहिले गेले होते. मोतीरामने ते तसेच उतरवले आणि रात्रभर त्या बापलेकांचा विचार करत पडून राहिला, पण आकडा बदलला नाही. त्याचे अक्षर साऱ्या कचेरीत नावाजलेले होते. मात्र एवढ्या वर्षांत आपण स्वतःच्या मनचे एखादे वाक्य कागदावर लिहिले आहे, असे त्याला काही आठवत नव्हते. तानुबाई, त्याची बायको, लग्नानंतर चौथ्या वर्षी गेली तेव्हा सासुरवाडीला धाडायचे कार्डसुद्धा त्याने शेजारच्या गुरुजींना विचारून लिहिले होते.

तेव्हापासून तो थोरल्या भावाकडे राहत होता. देवरावांची कापसाची अडत होती, आवाज मोठा होता, आणि सन पंचावन्नमध्ये त्यांनी ही लँडमास्टर घेतली तेव्हा आमच्या गल्लीत मोटार आली असे लोक म्हणत, देवरावांनी घेतली असे कोणी म्हणत नसे. शेताच्या रस्त्यावर त्यांनीच मोतीरामला चालवायला शिकवले. शिकवताना शिव्या पुष्कळ दिल्या. पण नवल असे झाले की, दोन माणसांसमोर बोलताना ज्याच्या हाताला कंप सुटे, त्याचे हात चाकावर मात्र स्थिर राहत. हॉर्न वाजवला की लोक आपोआप बाजूला होतात, त्यांना काही सांगावे लागत नाही, हे त्याला फार आवडले. देवराव दोन वर्षांपूर्वी गेले. मोटार वहिनींच्या, म्हणजे इंदूबाईंच्या, नावावर झाली. दर रविवारी मोतीराम त्यांना शेतावर घेऊन जाई आणि परत आणी. जाताना दीड तास, येताना दीड तास. आठवड्यात त्याचे म्हणून एवढेच तीन तास होते.

आता चंदूला, देवरावांच्या एकुलत्या मुलाला, अकोल्यात ऑइल इंजिनांच्या एका दुकानदाराने फिरतीचे काम देऊ केले होते. परतवाडा, दर्यापूर, अचलपूर, गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना इंजिने दाखवायची. अट एकच, मोटार स्वतःची हवी आणि विम्यात त्याचे नाव हवे. सोमवारी कागद दाखवायचा होता. इंटरला दोनदा नापास झालेल्या पोराला मिळालेले हे पहिलेच काम.

सकाळी इंदूबाईंनी देवघरासमोर बसून कोऱ्या अर्जाखाली सही केली होती. सही करायला त्यांना वेळ लागे. प्रत्येक अक्षरानंतर त्या थांबून पाहत.

"काय लिवलं हाये त्याच्यात?" त्यांनी विचारले होते.

"अजून काईच नाई वहिनी. भराचा हाये. किसनराव सांगतील तसा भरीन."

"मंग तुमी भरजा. तुमच्या हातचं लिवलेलं असलं का मले पाहा नाई लागत." आणि मग मुलाकडे बघून, "दोघायचं नाव टाकजा. पोराचं वरतं टाकजा. कमावता होऊन राहिला तो."

काटेपूर्णेच्या पुलावर चंदूने वेग कमी केला, तोही समोरून ट्रक आला म्हणून.

"काका, तुमी असे बसता ना, जसं काई मी तुमाले फाशीवर घेऊन चाललो."

"हळू चालव म्हनतो फक्त."

"थे कौंडण्यपूरचं अजून डोक्यातून गेलं नाई वाटते तुमच्या. वर्ष होत आलं. झालं, मिटलं."

मोतीराम खिडकीबाहेर बघू लागला. मिटले होते हे खरेच. मिटवणाऱ्याचे अक्षर त्याचेच होते.

गेल्या कार्तिकात ते कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतत होते. चंदूचे लायसन नवे होते आणि हट्ट जुना. मोतीराम शेजारी बसला होता. एका गावाच्या वळणावर जत्रेकरूंची दमनी, बैलांची छोटी गाडी, आडवी आली. चंदूने ब्रेक दाबला, पण उशिरा. दमनीचे चाक मोडले, मोटारीचा लाइट फुटला, आणि दमनीत मागे बसलेली पार्बताबाई नावाची म्हातारी रस्त्यावर फेकली गेली. तिचा खुबा मोडला.

गाव जमले. पोलीस पाटील आले. माणसे भली होती, कोणी हात उगारला नाही. तिला लँडमास्टरमध्येच घालून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे ठरले. पण त्याआधी पंचनामा हवा होता. पाटलांनी चंदूकडे पाहिले. चंदू दगडावर बसून थरथरत होता.

"पोराचं नाव कागदावर नोको," पाटील म्हणाले. "लग्नाचं हाये. उद्या सोयरे इचारतात. घरातलं थोर मानूस कोन हाये? तुमी? मंग तुमचं टाकू. आमच्या गावात असंच करतो आमी, पोराची चूक थोरानं घ्याची. तुमी कोर्टात हाये म्हंता, अक्षर चांगलं असन. लिवा."

पाटील सांगत गेले, आणि मोतीराम लिहीत गेला. गाडी मी चालवत होतो. आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेलेच त्याने लिहिले होते. हात कुठे अडखळला नाही. गावकऱ्यांनी अक्षराचे कौतुकही केले. पुढे त्याच पंचनाम्यावर चंदूने फुटलेल्या लाइटची भरपाई कंपनीकडून आणली, तेव्हा मोतीरामने काही विचारले नाही.

पार्बताबाईला बघायला तो कचेरी सुटल्यावर रोज जात असे. बाराव्या की तेराव्या दिवशी तो संत्रे सोलत बसला असताना ती म्हणाली,

"भाऊ, गाडी तं थ्या पोट्ट्याच्या हातात होती. तुमच्या हातात पिशवी होती. मले पडता पडता बी दिसलं."

त्याने फोडी बशीत ठेवल्या.

"मंग तुमी काहून लिवलं तसं?"

त्याने दुसरे संत्रे सोलायला घेतले. म्हातारीने दोन फोडी खाल्ल्या, बिया हातात काढल्या आणि म्हणाली, "पोट्ट्याले सांगजा, म्या त्याले शिव्या नाई देल्ल्या." हा निरोप त्याने चंदूला त्याच संध्याकाळी दिला. चंदू "बरं" म्हणाला आणि सिनेमाला गेला. पार्बताबाई आता काठी घेऊन चालते आणि सुना कापूस वेचतात तेव्हा शेताच्या धुऱ्यावर बसून असते, असे पाटलांकडून कळले होते.

अकोल्यात विम्याचे ऑफिस एका कापडाच्या दुकानावर, माडीवर होते. जिना अरुंद होता. किसनराव टेबलामागे पान जमवत बसले होते. ते कंपनीचे इन्स्पेक्टर आणि देवरावांचे जुने मित्र. त्यांच्या मागे अर्ध्या उंचीचे दार होते, आणि दारापलीकडे साहेबांचे बूट दिसत होते.

"या या मोतीभाऊ! आज कोर्ट कसं चालन तुमच्याबिगर? अन् हा चंदू? अबे, तू तं बापावानीच दिसाले लागला. बाप निदान इंटर पास होता."

"काका, तुमी बी ना," चंदू लाजला.

"बसा. साहेब दोनले उठते, शनवार हाये. आता साडेबारा झाले. फारम आनला? वयनीची सही? शाबास. घ्या टाक. मी इंग्रजी वाचतो, मराठीत सांगतो, तुमी लिवत चला. तुमचं अक्षर पाहून साहेब अर्धं तं तसंच मंजूर करते."

मोतीरामने पिशवीतून आपला टाक आणि शाईची बाटली काढली. तो दुसऱ्याच्या टाकाने लिहीत नसे. किसनराव एक एक प्रश्न वाचत गेले. मालकाचे नाव. मोटार कोणत्या सालची. रात्री कुठे उभी असते. चालवणारे कोण. मोतीरामने वहिनींच्या इच्छेप्रमाणे आधी चंदूचे नाव लिहिले, खाली आपले. वय एकवीस, वय बावन्न.

"आता नववं," किसनराव म्हणाले. "मागच्या पाच वर्सांत गाडीनं कोनी जखमी झालं काय? होय लिवा. आता चालवनाऱ्याचं नाव. तुमचं लिवा." त्यांनी फाइल उघडून पुढे सरकवली. "हा पाहा तुमचाच पंचनामा. काय अक्षर हाये, वा!"

मोतीरामने टाक शाईत बुडवला.

"आता ऐका, याचं असं हाये," किसनराव आवाज उतरवून म्हणाले. "साहेबाचा नेम हाये. ज्याच्या हातून मानूस जखमी झालं, त्याचं नाव चालवनाऱ्यात घ्याचं नाई. मंग वरतून तुमचं नाव साहेब काटन. पन पोराचं रेकार्ड साफ हाये. वय कमी हाये, हप्ता थोडा वाढन, पन चढून जाईन. तुमाले वाईट नोको वाटू देऊ."

"त्याच्यात काय वाईट?" चंदू म्हणाला. "काकाले तसं बी कुठी जा लागते?"

तो हे कुजकटपणे बोलला नाही. अगदी सहज बोलला. कुजकटपणे बोलला असता तर मोतीरामला बरे वाटले असते.

टाकाच्या टोकावर शाई जमली होती. मोतीरामने ती बाटलीच्या काठाला टेकवून काढली, पुन्हा टाक बुडवला. पहिल्यांदा त्याच्या मनात रविवार आला. शेताचा रस्ता, मागे बसलेल्या वहिनी, चाकावरचे आपले हात. मग पहिल्यांदा हेच मनात यावे याची लाज वाटली. मग पार्बताबाई आली. मग सकाळचे बैल आले, उजवीकडे सरलेले. सोमवारपासून चंदू एकटा या रस्त्यांवर असणार, शेजारी पत्र्यावर पाय दाबणारेही कोणी असणार नाही. हे सारे एकामागोमाग आले की एकदमच, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आले नसते.

"मोतीभाऊ, लिवा ना."

त्याने लिहिले. कोर्टातल्या वळणदार इंग्रजी अक्षरात, नवव्या प्रश्नासमोर: चंद्रभान देवराव इंगोले. मग तो थांबला नाही. सगळ्यात खाली, आणखी काही सांगायचे असल्यास म्हणून दोन रेघा कोऱ्या होत्या, तिथे त्याने मराठीत लिहिले, कारण असे वाक्य त्याने इंग्रजीत कधी उतरवलेले नव्हते आणि मराठीतही नव्हते:

"मागील पंचनाम्यात चालवणारा म्हणून मी माझे नाव माझ्या हाताने लिहिले. ते खरे नाही."

त्याने टिपकागद फिरवला आणि अर्ज किसनरावांकडे वळवला.

किसनरावांनी वाचले. पान गालात तसेच राहिले.

"हे काय केलं तुमी?"

"खरं हाये थे."

"अहो, खरं कोनं इचारलं होतं?"

"अठी इचारलं हाये ना," मोतीराम म्हणाला, आणि बोटाने नववा प्रश्न दाखवला.

चंदू खुर्चीवरून उठून वाकला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. "काका! खोडा ते. खोडा पटकन!"

"खाडाखोड केलेला फारम साहेब हातात बी घेत नाई," किसनराव म्हणाले.

"मंग दुसरा फारम द्या."

"फारम पन्नास देतो. वयनीची सही कुठून आनू? अमरावतीले जाऊन येईपर्यंत अठी कुलूप लागते."

"सही मी करतो."

"मायची? अन् ते बी माया डोळ्यासमोर?" किसनरावांनी हात जोडले. "पोरा, एक चूक पाटलानं केली, एक तुया काकानं. आता माया हातून नोको."

चंदू काकाकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होते. बाप गेल्यावर तो असा दिसला होता.

"मले मायीत हाये तुमी हे काहून केलं. माया नावासाठी नाई, म्हातारीसाठी नाई. गाडीसाठी केलं. तुमचा रविवार जाऊन राहिला होता म्हनून. मले वर्सभर वाचवलं, अन् गाडी हातातून जाते म्हनल्यावर नाई वाचवलं. हो का नाई? बोला ना!"

मोतीरामने टाक पुसला. पोरगा खोटे बोलतो आहे अशी त्याची खात्री नव्हती. त्याने आपल्या मनात शोधून पाहिले. तिथे म्हातारी होती, पोरगा होता, आणि चाकही होते.

"बस खाली," किसनराव चंदूला म्हणाले. "कोना थोराशी असं बोलाचं असते?" त्यांनी अर्ज आणि फाइल उचलली आणि अर्धे दार ढकलून आत गेले.

आतून साहेबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. चंदू खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी कापडाचा भाव करत होते. मोतीरामने शाईच्या बाटलीचे झाकण लावले, काढले, पुन्हा लावले. पावणेदोन झाले.

किसनराव परत आले ते बसलेच नाहीत. उभ्यानेच बोलले.

"विमा झाला. गाडी रस्त्यावर काढता येईन. पन तुमची दोघायची नावं कटली. चंदूचं अपघातापाई. तुमचं, मोतीभाऊ, खोट्या पंचनाम्यापाई. साहेब म्हनते, जो एकदा लिवते अन् मंग तेच खोटं म्हनते, त्याचं दुसरं तरी काहून धरू? पगारी डायवर ठेवा, लायसनवाला. तोच चालवन. घरच्या कोनाच्या बी हातात चाक दिसलं तं कागद रद्द. अन् लाइटची भरपाई वापस करा लागन."

"थे मी भरतो," मोतीराम म्हणाला.

चंदू हसला. मोठ्याने नाही. "घ्या," तो म्हणाला. "झालं समाधान?"

किसनरावांनी नव्या कागदावर शिक्के मारले. कागद देताना ते मोतीरामच्या जवळ झुकले. "आजच्या रातीपर्यंत जुना कागद चालते. त्याच्यात तुमचं नाव हाये. घरी तुमीच चालवत न्याजा." मग थोडे थांबून म्हणाले, "देवराव असता तं तुमाले दहा शिव्या देल्ल्या असत्या."

"हो."

"अन् मंग च्या पाजला असता. पन आता तो नाई, अन् साहेब दोनले उठते."

इंजिनांच्या दुकानात चंदू एकटाच गेला. मोतीराम मोटारीत बसून राहिला. अर्ध्या तासाने चंदू आला.

"काय म्हनले?"

"दुकानात बसाचं असन तं बसा म्हनते. पावत्या फाडाले." एवढे बोलून त्याने मागचे दार उघडले आणि मागे बसला. मोतीरामने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, पिशवी तिथे ठेवली आणि मोटार सुरू केली.

अकोला मागे पडले. बोरगाव गेले. मोतीराम बेताच्या वेगाने चालवत होता. खड्डा आला की गिअर उतरवत होता, सायकलवाला दिसला की रुंद वळसा घेत होता. हात स्थिर होते. पण मन एका जागी बसत नव्हते. घरी गेल्यावर वहिनींना काय सांगायचे, त्याचे वाक्य तो जुळवत होता. वहिनी, अर्ज भरला. नाही. वहिनी, तुम्ही विश्वासाने सही दिली. हे तर त्याहून वाईट. वहिनी, चंदूची चूक नाही. पण चूक होती. वहिनी, माझी चूक झाली. कोणती? गेल्या वर्षीची की आजची? मूर्तिजापूर येईपर्यंत सात वाक्ये झाली आणि सातही मोडली. सांगणारे कोणी असते तर त्याने ते सुरेख उतरवले असते.

वहिनी रागावतील की काहीच बोलणार नाहीत? त्या घरात तो कोणत्या नात्याने राहतो आहे, हा प्रश्न वीस वर्षांत कोणी काढला नव्हता. आज निघू शकत होता.

"पार्बताबाईकडे जाऊन यावं म्हनतो," तो एकदम म्हणाला. "एस्टीनं. तू येतं का?"

आरशात पाहिले तर चंदू डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता. झोपलेल्या माणसाचा जबडा असा आवळलेला नसतो.

बडनेऱ्याचे रेल्वे फाटक बंद होते. दिवस कलला होता. फाटकाच्या अलीकडे दोन ट्रक, एक एस्टी आणि मध्येच अडकलेल्या, जिनिंगवरून परतणाऱ्या रिकाम्या बंड्या. मोतीराम एस्टीच्या मागे थांबला. त्याच्या मागेही एक ट्रक येऊन लागला. मालगाडी लांबलचक होती. डबे खडखडत जात राहिले, आणि इंजिनाच्या शिट्टीने एका बंडीचे बैल बिथरले. बंडीवाला खाली उतरून वेसण धरून ओढत होता, पण बैलांना वळायला जागा नव्हती. मोटारीचे नाक त्यांच्या वाटेत होते.

बंडीवाल्याने मोटारीकडे पाहिले. मागच्या सीटवर पांढऱ्या बुशशर्टातला तरुण, पुढे चष्मा लावलेला, उसवलेल्या कोटातला म्हातारा. त्याने मोतीरामला हाक मारली.

"ओ डायवर! जराशी मांगं घ्या ना गाडी! तुमच्या साहेबाले म्हना, बैल बुजून राहिले!"

चंदूने डोळे उघडले. आरशात क्षणभर दोघांची नजर भिडली. तो काही बोलेल असे मोतीरामला वाटले. हे माझे काका आहेत, एवढेच. चंदूने नजर खिडकीकडे वळवली.

"हो, घेतो," मोतीराम म्हणाला.

त्याने गिअर टाकला. मागच्या काचेवर धूळ होती, ट्रक किती जवळ आहे कळत नव्हते. तो मान वळवून, डोळे बारीक करून बघू लागला. तेवढ्यात मागचे दार उघडले. चंदू खाली उतरला, मोटार आणि ट्रक यांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

"येऊ द्या," तो म्हणाला. "येऊ द्या... येऊ द्या... बस."

मोतीरामने मोटार तिथेच थांबवली. ट्रकपासून हातभर अंतर उरले होते. बैल वळले, बंडी मोटारीच्या नाकासमोरून खडखडत निघाली, आणि बंडीवाल्याने जाता जाता मोतीरामला हात केला. चंदू परत येऊन मागच्याच सीटवर बसला.

मालगाडी गेली. फाटक वर झाले. ट्रक सुटले, एस्टी सुटली. मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. मोतीरामचे दोन्ही हात चाकावर होते आणि समोरचा रस्ता मोकळा होता, तरी त्याने गिअर टाकला नाही; रात्री बारानंतर हे चाक त्याच्या हातात येणार नव्हते. चंदूनेही त्याला चला म्हटले नाही.